वासंतीबाईंच्या गळ्यातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या अंगावरचे हिरवे रबर कडेने सैल झाले आहे. गळ्यात अडकवायचा पट्टा घामाने काळा पडला आहे. डाव्या नळीवर एक पोचाही आहे, पण काचा अजून नितळ आहेत. ज्या बाईंनी मला वापरले त्या मला फार जपत असत. दुर्बिणीची गोष्ट म्हणजे तिच्यातून पाहणाऱ्या माणसाचीच गोष्ट. म्हणून मी तुम्हाला वासंतीबाईंबद्दल सांगणार आहे.

माझा जन्म जर्मनीत झाला. हेसेन प्रांतात टेकडीच्या उतारावर एक गाव आहे, तिथल्या कारखान्यात. काचा आठवडेच्या आठवडे घासल्या गेल्या. त्यांच्यावर जांभळट लेप चढला. मग माझ्या पोटात लोलक बसवले. सगळे जुळून आले की पांढरा कोट घातलेल्या एक बाई आम्हा दुर्बिणींना एकेक करून खिडकीशी नेत आणि समोरच्या चर्चच्या शेंड्यावरचा पत्र्याचा कोंबडा पाहत. कोंबड्याच्या तुऱ्याची कड स्पष्ट दिसली की त्या "गूट", म्हणजे छान, म्हणून आम्हाला खोक्यात ठेवत. म्हणजे जगात आल्यावर मी पहिल्यांदा पाहिला तो एक खोटा पक्षी.

खरे पक्षी मला वासंतीबाईंनी दाखवले.

दोन हजार साली उन्हाळ्यात स्टुटगार्टच्या एका दुकानात एक मराठी कुटुंब आले. हृषिकेशराव झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. गाडीचे दार लागताना कसे वाजावे, यावर ते दिवसभर काम करत. वासंतीबाई त्यांच्या पत्नी. पुण्यात असताना त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आणि त्यांनी कॉलेज सोडले. तेव्हा मुलगी, शिवांगी, तीन वर्षांची होती. दुकानात आली तेव्हा ती दहा वर्षांची होती. आई मराठीत काहीही विचारो, ती उत्तर जर्मनमध्येच देई.

वासंतीबाईंनी मला उचलले, डोळ्यांना लावले आणि रस्त्यापलीकडच्या छपरावरचे कबूतर पाहिले. पाहता पाहता त्या हसल्या.

"अहो, याच्या डोळ्याची कडसुद्धा दिसतेय. नारिंगी आहे."

हृषिकेशरावांनी माझा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "चला, तयारी झाली. पुढच्या वर्षी तुझे हत्ती बघायला जायचं."

हे हत्ती म्हणजे काय, ते मला पुढे कळले. वासंतीबाई एम.एस्सी.ला असताना त्यांच्या विभागात एक पाहुणे शास्त्रज्ञ आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवली. मध्य आफ्रिकेत एक दूरचे अभयारण्य आहे. इतके घनदाट की दिवसाही खाली ऊन पोचत नाही. पण त्या जंगलाच्या मध्ये एक उघडे मैदान आहे, आणि त्याच्या मातीखाली खारट पाणी आहे. ते खारट पाणी प्यायला रानातले हत्ती कुठून कुठून चालत येतात. त्यांच्या मागोमाग रानम्हशी येतात, हरणे येतात, राखी पोपटांचे थवे उतरतात. मचाणावर बसून नुसते पाहत राहायचे. वासंतीबाई ते चित्र कधी विसरल्या नाहीत. भांडी घासताना, बसची वाट पाहताना, कुठेही त्यांना ते मैदान आठवे आणि मग त्या शिवांगीला त्याच्याबद्दल सांगत बसत. शिवांगी "जा, जा, आई, वाइस इश," म्हणे, म्हणजे "हो गं, माहितेय."

पुढच्या वर्षी हृषिकेशरावांच्या कारखान्यात नव्या गाडीचे काम निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी घर घेतले. मग पुण्याला सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि सगळी रजा तिकडे गेली. हृषिकेशराव वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते दर वेळी मनापासून म्हणत, "वासंती, पुढच्या वर्षी नक्की." आणि दर वेळी वासंतीबाई म्हणत, "हत्ती कुठं पळून जातायत?"

तोवर आम्ही दोघी झिंडेलफिंगेनच्या तळ्याकाठी फिरत असू. गावात पक्षी पाहणाऱ्यांचे एक मंडळ होते. तिथे बहुतेक निवृत्त माणसे होती. हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयर्ले नावाचे उंच, खोकणारे गृहस्थ त्यांचे प्रमुख. सुरुवातीला वासंतीबाई मागे मागे राहत. त्यांचे जर्मन कच्चे होते. नगरपालिकेत किंवा शाळेत बोलायची वेळ आली की त्या अडखळत आणि शिवांगीला पुढे करत.

एके रविवारी तळ्यावर धुके होते. सगळे बगळ्याकडे पाहत होते. वासंतीबाईंनी मला भलतीकडेच वळवले आणि त्या एकदम ओरडल्या, "खंड्या! अहो, आपला खंड्या!"

पाण्यावर झुकलेल्या काटकीवर निळाभोर पक्षी बसला होता. हा पक्षी जर्मनीतही आहे आणि पुण्याच्या मुठाकाठीही आहे. हेर बॉयर्ल्यांनी पाहिले आणि "गेनाऊ!", म्हणजे "अगदी बरोबर!", म्हणून त्यांची पाठ थोपटली. मग वासंतीबाई बोलू लागल्या. तो बीळ कसे खणतो, मासा आपटून कसा मारतो, हे सगळे त्यांनी मोडक्या जर्मनमध्ये सांगितले. कुणी त्यांचे व्याकरण सुधारले नाही. त्या दिवसापासून मंडळातली माणसे त्यांना "आमच्या प्राध्यापिका" म्हणू लागली. माझेही कौतुक झाले. हेर बॉयर्ल्यांनी मला हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "ही तुम्हाला जन्मभर पुरेल." माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

मग काहीतरी बिघडले.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात वासंतीबाई संध्याकाळी घरी येताना ठेचकाळू लागल्या. शिवांगीची सायकल दारात असे, तिच्यावर त्या आपटत आणि तिला रागावत. सायकल तर रोज त्याच जागी असे. तळ्यावर हेर बॉयर्ले बोट दाखवून म्हणत, "तिकडे, ओकच्या डाव्या फांदीवर." सगळ्यांना पक्षी दिसे. वासंतीबाई मला इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहत. "कुठं? कुठं?" पक्षी उडून जाई. पूर्वी एका झटक्यात त्या मला नेमक्या जागी नेत असत. 

"या दुर्बिणीतच काहीतरी झालंय," त्या घरी येऊन म्हणाल्या. "कडा काळ्या दिसतात. आतून बुरशी धरली असेल."

हृषिकेशराव मला स्टुटगार्टला घेऊन गेले. सोबत वासंतीबाईही होत्या. दुकानदाराने मला उघडले, दिव्यावर धरले, पुन्हा बंद केले. मी मनातून प्रार्थना करत होते की माझ्यात काहीतरी दोष सापडू दे. एखादा लोलक सरकलेला असू दे, काचेला चीर असू दे. मला दुरुस्त करता आले असते.

"हिला काहीही झालेलं नाही," दुकानदार म्हणाला. मग हळू आवाजात तो म्हणाला, "मॅडमनी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटावं."

पुढच्या तपासण्यांच्या वेळी मी वासंतीबाईंच्या पिशवीत असे. गावातल्या डॉक्टरांनी टुबिंगनच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथल्या डॉक्टरीणबाई अगदी सावकाश बोलल्या. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून निकामी होत चालला आहे. आधी अंधारातले दिसेनासे होते, मग बाजूचे. शेवटी मध्ये एक लहानसे भोक उरते, बोगद्यातून पाहिल्यासारखे. मग तेही मिटते. यावर औषध नाही.

"किती वर्षं?" हृषिकेशरावांनी विचारले.

"ते सांगता येत नाही. काहींची नजर बरीच वर्षं टिकते."

 घरी परतताना गाडीत वासंतीबाई म्हणाल्या, "दुर्बीण चांगली आहे म्हणायची." आणि मला मांडीवर घेऊन त्यांनी माझ्या काचांवर टोपणे लावली.

दुसऱ्याच दिवशी हृषिकेशरावांनी साहेबांकडे रजा मागितली. संध्याकाळी त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. "फेब्रुवारीत जायचं. तेव्हा तिकडे पाऊस कमी असतो. मी सगळं ठरवतो."

"मला नाही यायचं," वासंतीबाई म्हणाल्या.

"असं काय करतेस? इतकी वर्षं तूच तर—"

"इतकी वर्षं मला दिसत होतं. आता तुम्ही मला दया येऊन नेणार. मरणाऱ्या माणसाला गंगाजळ पाजतात तसं. नको मला."

हृषिकेशराव नकाशाच्या घड्या घालू लागले. त्या नीट पडेनात. तेवढ्यात शिवांगी जिन्यावरून खाली आली. आता ती पंधरा वर्षांची होती. तिने सगळे ऐकले होते. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला बघायचेत ते हत्ती. लहानपणापासून ऐकतेय. तू नाही आलीस तर मला तिथलं कोण समजावून सांगणार? बाबांना तर चिमणी आणि कावळासुद्धा कळत नाही."

वासंतीबाईंना हसू आले. मग रडू आले. आम्ही गेलो.

फ्रांकफुर्टहून मोठ्या विमानाने, मग लहान विमानाने, मग दोन दिवस लाल मातीच्या रस्त्याने गाडीतून. दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती होत्या. अभयारण्याच्या कडेला नदी होती आणि नदीकाठी लाकडी खोल्या. तिथे आम्हाला बोकोंबे भेटले. ते वाटाडे होते, त्याच जंगलात जन्मलेले, पन्नाशीचे, बुटके आणि काटक. त्यांना थोडे फ्रेंच येत होते. शिवांगी शाळेत फ्रेंच शिकत होती. म्हणून बोकोंबे फ्रेंचमध्ये बोलत आणि शिवांगी आईबाबांना जर्मनमध्ये सांगे.

सकाळी आम्ही मैदानाकडे निघालो. आधी गुडघाभर पाण्याचा ओढा होता, मग पायवाट. मित्रांनो, मी तशी हिरवी सावली कधी पाहिली नव्हती. झाडे इतकी उंच की वर आभाळ आहे हे विसरायला होई. डोळस माणसाला ती सावली थंड आणि सुंदर वाटली असती. वासंतीबाईंना मात्र तिथे काहीच दिसत नव्हते. अशा मंद उजेडात त्यांचे डोळे मिटल्यासारखेच होत. त्यांनी हृषिकेशरावांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्या मुकाट चालत होत्या. घामावर बसणाऱ्या बारीक माश्या त्यांच्या पापण्यांवर आणि माझ्या काचांवर चिकटत होत्या. मी त्यांच्या छातीवर लटकत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

वाट अरुंद झाली तसे सगळे एकामागून एक झाले. एका वळणावर बोकोंबे एकाएकी थांबले. त्यांनी मान कलती केली आणि हाताने मागे सरा अशी खूण केली. बोलायचे नव्हते. झाडीत, अगदी जवळ, काहीतरी मोडत होते. हृषिकेशराव पटकन वाकून बाजूच्या जाड झाडामागे गेले. शिवांगीही गेली. वाकताना वासंतीबाईंचा हात हृषिकेशरावांच्या खांद्यावरून सुटला.

त्यांना खूण दिसली नव्हती. त्या वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"अहो?" त्या हळूच म्हणाल्या. "अहो, कुठं आहात?"

पाने बाजूला झाली आणि हत्ती वाटेवर आला. तो फार मोठा नव्हता. जंगलातले हत्ती लहानच असतात. पण दहा पावलांवर कुठलाही हत्ती मोठाच. त्याचे कान गोल होते आणि सुळे सरळ, जमिनीकडे रोखलेले. त्याने सोंड उचलून आमच्या दिशेने धरली. वासंतीबाईंचे काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होते. त्यांना समोर फक्त हिरवा अंधार दिसत होता, पण वास येत होता, चिखलाचा आणि कुजलेल्या फळांचा. समोर कोण आहे ते त्यांना कळले होते.

हृषिकेशराव झाडामागे खिळून राहिले होते. शिवांगी मात्र धावत बाहेर आली. तिने आईचा दंड धरला आणि तिला खस्सकन मागे ओढले. मी खोडावर आपटले. हा पोचा तेव्हाचा. आम्ही तिघी मुळांवर पडलो. हत्तीने कान फडकवले, एक फूत्कार टाकला आणि तो वाट ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरला. मोडण्याचा आवाज लांब लांब गेला.

शिवांगीने आईला घट्ट धरले होते. "आई," ती म्हणाली, "आई, मी आहे. मी इथं आहे." एवढे तिने मराठीत म्हटले, आणि आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षातही आले नाही.

हृषिकेशराव जवळ आले.  वासंतीबाईंनी हात पुढे करून चाचपले आणि त्यांचा हात सापडल्यावर म्हणाल्या, "चला. आता थांबायचं नाही."

आणि मग एकदम उजेड आला.

वाट संपली, झाडे संपली. समोर ते मैदान होते, पिवळ्या-तांबूस चिखलाचे, मध्ये पाण्याचे चकाकते पट्टे, वर सबंध आभाळ. आम्ही मचाणावर चढलो. मैदानात हत्तीच हत्ती होते. कुणी राखाडी, कुणी चिखलाने पिवळे झालेले, कुणी विटकरी. वासंतीबाईंनी मला डोळ्यांना लावले. उजेडात त्यांच्या नजरेचे ते लहानसे भोक अजून जिवंत होते, पण एवढ्या मोठ्या मैदानात ते नेमके कुठे न्यायचे हे त्यांना कळेना. मी रिकाम्या चिखलावरून, रिकाम्या आभाळावरून फिरत राहिले. 

शिवांगी त्यांच्या मागे उभी राहिली. तिने आईचे दोन्ही खांदे धरले आणि हळूच वळवत जर्मनमध्ये म्हणाली, "डावीकडे. अजून. थोडं खाली. श्टॉप."

माझ्या काचांत एक हत्तीण उभी होती.

तिच्या उजव्या कानाची कड फाटून लोंबत होती. तिने पुढचे गुडघे टेकले होते आणि सोंड पार डोळ्यांपर्यंत चिखलातल्या भोकात घातली होती. तिच्या पोटाखाली पिल्लू होते. त्याला तसे जमत नव्हते, म्हणून ते आईच्या तोंडातून ओघळणारे पाणी चाटत होते.  माझ्या काचा त्यांच्या श्वासाने धुरकटल्या, त्यांनी त्या पुसल्या, पुन्हा पाहिले. असे किती वेळ चालले कोण जाणे.

मागे बसलेले हृषिकेशराव रडत होते. "मी उशीर केला," ते म्हणाले. "वासंती, मी फार उशीर केला."

"गप्प बसा हो," वासंतीबाई म्हणाल्या. "बघू द्या मला."

दुपारी त्यांचे डोळे दमले. त्यांनी मला छातीवर सोडले आणि शिवांगीला जवळ बसवले. "आता तू सांग. बाकीचे काय करतायत?"

शिवांगी जर्मनमध्ये सांगू लागली. वासंतीबाईंनी मान हलवली. "मराठीत सांग गं. जर्मनमध्ये मला अर्थ कळतो, पण हत्ती दिसत नाही."

"मला नाही येत, आई."

"येतं. वाटेवर आलं की मघाशी."

शिवांगी मैदानाकडे पाहत राहिली. मग शब्द शोधत, थांबत थांबत बोलू लागली. "एक मोठा आहे. तो... त्याच्या नाकाने—"

"सोंडेने."

"सोंडेने तो पाण्यात हवा घालतो. मग पाणी वर येतं, असं... बुड बुड. दोन छोटे आहेत, ते भांडतात. नाही, भांडत नाहीत. खोटं खोटं भांडतात. आणि आता पक्षी आले, आई. खूप. राखाडी, आणि शेपटी लाल."

"पोपट. ते ऐकू येतायत मला."

सूर्य झाडांमागे जाईपर्यंत ती बोलत होती. मी नुसती ऐकत होते. दुर्बिणीला ऐकू येते हे त्या दिवशी मला पहिल्यांदा बरे वाटले.

परत आल्यावर वासंतीबाई आणखी काही महिने मला वापरत होत्या. मग फक्त तळ्यावर जाताना गळ्यात घालत, डोळ्यांना लावत नसत. आम्हाला वाटले होते त्याहून लवकर सगळे मिटत गेले. एका सकाळी त्यांनी मला उन्हात धरून पाहिले, बराच वेळ. मग काचा पुसल्या, चामड्याच्या पेटीत ठेवले आणि पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मला राग आला नाही. पण अंधारात दिवस कळत नाहीत. कपाट उघडे तेव्हा चादरी काढायला. हृषिकेशराव आता लवकर घरी येत, वासंतीबाईंना हाताला धरून फिरायला नेत, स्वयंपाकही शिकले होते. फोडणी जळल्याचा वास फळीपर्यंत येई. शिवांगी शाळा संपवून हॅनोव्हरला शिकायला गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. खिडकीबाहेर काय दिसते ते ती आईला मराठीत सांगे.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात हेर बॉयर्ले घरी आले. आता ते काठी घेऊन चालत होते. दिवाणखान्यात, माझ्या कपाटालगतच, बसल्यावर ते हृषिकेशरावांशी हळू आवाजात बोलू लागले. त्या अभयारण्यात बंदूकवाले शिरले होते. त्यांनी मैदानाच्या कडेला दबा धरून हत्ती मारले आणि सुळे कापून नेले. मोठेही मारले, लहानही.

"पुरे," हृषिकेशराव कुजबुजले. "तिच्यासमोर नको."

"अहो," वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मला दिसत नाही. ऐकू येतं."

त्या येऊन बसल्या. त्यांनी सगळे पुन्हा सांगायला लावले. मग विचारले, "त्यात एक हत्तीण होती का, उजवा कान फाटलेली? तिच्याबरोबर पिल्लू असेल. आता मोठं झालं असेल ते."

हेर बॉयर्ल्यांना ते माहीत नव्हते. कुणालाच माहीत नव्हते. मारलेल्यांचे कान पाहायला कुणी थांबले नव्हते. आता हत्ती दिवसा मैदानात येतच नाहीत, असे बोकोंबेंनी मंडळाला कळवले होते. रखवालदार मोजकेच. त्यांच्याकडे धड बूट नाहीत, तंबू नाहीत, दूरवरचे पाहायला काही नाही. मंडळ त्यांच्यासाठी सामान गोळा करत होते.

हेर बॉयर्ले गेले.  मग उठून, भिंतीला हात लावत, वासंतीबाई कपाटापाशी आल्या आणि त्यांनी मला खाली काढले. पेटी उघडली. आधी फुंकर घालून धूळ उडवली, मग मऊ फडक्याने काचा पुसल्या, मधून कडेला, गोल गोल. न पाहता. एकही डाग राहिला नाही.

"वासंती, ही राहू दे," हृषिकेशराव म्हणाले. "दुसरी देऊ आपण. नवी घेऊन देऊ."

"नवीही द्या. पण ही जाऊ दे."

"इतकी वर्षं तुझ्या गळ्यात होती ही."

"म्हणूनच. मला दिसत नाही, म्हणून तिनं का आंधळं राहायचं?"

 वासंतीबाईंनी मला त्यांच्या हातात दिले. "तुम्ही एकदा बघा हिच्यातून. तुम्ही कधी बघितलंच नाहीत."

हे खरे होते. त्यांनी मला विकत घेतले, दुरुस्तीला नेले, आफ्रिकेत नेले, पण माझ्यातून कधी पाहिले नव्हते. वासंतीबाई चेरीच्या झाडाकडच्या खिडकीशी खुर्चीत बसल्या. हृषिकेशराव खिडकीकडे गेले नाहीत. ते मागे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, मला डोळ्यांना लावले आणि माझे चाक फिरवले.

मित्रांनो, पाच वर्षे मी त्या डोळ्यांना चिकटून राहिले होते, पण वासंतीबाईंचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तो मला त्या दिवशी दिसला. कानशिलापाशी पांढरे झालेले केस. कपाळावर, भुवईच्या वर, कशावर तरी आपटल्याची जुनी खूण. उजेडाकडे वळलेले, स्थिर डोळे. आणि त्यांतून गालांवर उतरलेले पाणी, जे त्यांनी पुसले नव्हते, कारण कुणी पाहत असेल असे त्यांना वाटले नव्हते.

"काय हो, चेरीच्या झाडावर आलंय का कुणी?" त्यांनी विचारले.

"हो," हृषिकेशराव म्हणाले.

"कोण?"

"मला नाव सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी हेर बॉयर्ले मला घेऊन गेले. आता मी एका खोक्यात आहे. माझ्या शेजारी जुने बूट आहेत, कंदील आहेत, आणखी दोन-तीन दुर्बिणी आहेत. खोके हाम्बुर्गच्या बंदराकडे निघाले आहे. तिथून मी पुन्हा त्या मैदानाकडे जाईन. कुणीतरी रखवालदार मला डोळ्यांना लावेल.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी दुर्बीण पडून असेल तर ती बाहेर काढा. सदऱ्याच्या टोकाने तिच्या काचा घासू नका, आधी फुंकर घाला. मग तिच्यातून जे जिवंत आहे ते पाहा, आणि घरात ज्यांना पाहता येत नाही त्यांना ते त्यांच्या भाषेत सांगा. रानातल्या जिवांना जपा. ते आपली वाट पाहत थांबत नाहीत.

मी तयार आहे. माझ्या काचा स्वच्छ आहेत. मी पोचेन तेव्हा मैदानात कुणी उतरलेले असेल की नुसता चिखल, ते मला ठाऊक नाही.